फुगं न लावलेली गाडी

३ नोव्हेंबर, सोमवार

आज पुन्हा उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकले. एकामागे एक दोन. मागे दिवा नाही, लाल कापड नाही, गाणी मात्र एवढी मोठ्यानं की माझा हॉर्न मलाच ऐकू येईना. आमचं गाव माकणी येईपर्यंत स्कूटी कडेच्या मातीतूनच चालवली. आई दारात उभी होती. बोलली काही नाही, तांब्या पुढे केला. ती बोलत नाही तेव्हा जास्त घाबरलेली असते.

बदली झाल्यापासून हे रोजचं. औषधाच्या खिडकीवर शेवटचा पेशंट असतो आणि माझं लक्ष बाहेरच्या उजेडाकडे. आरोग्य केंद्राजवळ खोली घेतली तर प्रश्न मिटतो. पण मग इथं आई-आण्णा दोघंच. आण्णा बी.पी.ची गोळी पाकिटाच्या रंगावरून ओळखतात आणि कंपनी दर वेळी रंग बदलते. या घरात वाचता येणारी मी एकटीच. खोली बघायला निघाले की हेच आठवतं, आणि मी परत फिरते.

५ नोव्हेंबर, बुधवार

आण्णा बाजारातून बातमी घेऊन आले. हायवेला गुरुलिंग आप्पा म्हणून एक जण आहेत, जुन्या गाड्या विकतात. त्यांच्याकडे पांढरी छोटी गाडी आहे, दोनच वर्षांची, नव्याच्या निम्म्याला.

"एवढी स्वस्त का?" म्हटलं.

"टोटल लॉसमधली हाय. त्या बिचाऱ्याला लई तोटा झालाय, म्हणून देतोय."

आण्णांना त्या माणसाची खरंच दया आली होती. आईनंही "आरारा" केलं. मग मी सांगितलं की तोटा आप्पांना झालेला नाही. गाडी इतकी ठोकली गेली होती की दुरुस्त करणं विमा कंपनीला परवडेना. कंपनीनं मालकाला पैसे देऊन टाकले, मोडकी गाडी विकली, ती आप्पांनी घेऊन नीट केली. याला टोटल लॉस म्हणतात.

आण्णांनी मिशीवरून हात फिरवला. मग, "म्हंजी पाय मोडल्याला बैल उभा केलाय म्हण की."

"तसंच."

"चालतोय का पण?"

हा प्रश्न बरोबर आहे. मलाही तेवढंच कळायला हवं आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

दोन दिवस डबा खाताना व्हिडिओ बघतेय. टो. लॉ. गाडी कशी तपासावी. बोनेटचे स्क्रू खरवडलेत का, दारांच्या फटी सारख्या आहेत का, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखल दिसतो का. यंदा पाणी फार झालं, पाण्यात बुडालेल्या गाड्याही बाजारात आल्यात म्हणे.

केंद्रातल्या सुरेखा सिस्टरांनी मागून डोकावून बघितलं. "शीतल, एवढी चौकशी नवऱ्याची केली असतीस तर मुलं शाळेत असती."

"नवऱ्याचं बोनेट उघडता येत नाही, सिस्टर."

असं पटकन उत्तर मला सहसा सुचत नाही. दिवसभर त्याचा आनंद होता.

९ नोव्हेंबर, रविवार

गाडी बघून आलो. वडापच्या जीपनं गेलो. आई मागच्या बाकावर, दोन पोती आणि एका म्हातारीच्या मधे.

आप्पांचं आवार हायवेला लागून, पत्र्याची शेड, समोर चहाची टपरी. पन्नाशीचा माणूस, कपाळावर भस्म, बोलणं गोड. "या ताई, या मामा. आधी चहा, मंग गाडी. गाडी कुठं पळून जातीया हो."

मी सगळं तपासलं. सीटबेल्ट ओढले, पायाखालचं कापड उचलून वास घेतला, दारं उघडून लावून बघितली. आप्पा म्हणाले, "ताई, तुमी सीआयडीत हाय का?" चालवूनही बघितली. लायसन काढल्यापासून स्टिअरिंगला पहिल्यांदाच हात. तरी गाडी सरळ गेली. किल्ली फिरवल्यापासून डॅशबोर्डचा व्हिडिओ आईकडून काढून घेतला. त्यात आईचा अंगठा जास्त आहे, पण काटे आणि दिवे दिसतात.

आण्णा वेगळंच तपासत होते. आयुष्यभर व्यापाऱ्यांची जनावरं या बाजारातून त्या बाजारात चालवत नेली त्यांनी, अक्कलकोटपासून पार कर्नाटकात आळंदपर्यंत. गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या बाजूला थाप दिली आणि म्हणाले, "आप्पा, खोड सांगा."

बाजारात ही पद्धत आहे. मारकं असेल, बसकं असेल, एका डोळ्यानं अधू असेल, तर विकणाऱ्यानं इसाराचे आगाऊ पैसे घ्यायच्या आत सांगायचं. सांगून विकलं तर नंतर तक्रार नाही. न सांगता विकलं तर त्या माणसाकडे पुन्हा कुणी फिरकत नाही.

आप्पांनी सांगितली. टायर फुटून गाडी नाल्यात गेली, पुढचं सगळं चेपलं, उजवा दरवाजा दुसरा बसवलाय, रंग नवा आहे.

"आतली माणसं?" मी विचारलं. तीन रात्री हाच प्रश्न मनात होता.

"खरचटलंबी न्हाई बघा. नवरा-बायको चालत वर आले."

खूप हलकं वाटलं. ज्या गाडीत कुणी गेलं असेल ती मला नको होती. यात शास्त्र काही नाही, पण नको होती.

आप्पा मधेच शेडमधल्या कारागिराशी कानडीत काहीतरी बोलले. आण्णा टपरीवरच्या कुत्र्याकडे बघत उभे होते.

येताना आण्णा खूश. "खोड सांगितली. माणूस सरळ हाय."

१२ नोव्हेंबर, बुधवार

ठरत नाही. जमेच्या बाजूला: खोलीची गरज नाही. आण्णांना तपासायला सोलापूरला नेता येईल. पावसात भिजणं नाही. ट्रॉलीमागे अडकले तरी चार दारांच्या आत असेन. दुसऱ्या बाजूला: बँक अशा गाडीला कर्ज देत नाही, साठवलेलं सगळं जाईल. विमा कंपनी पूर्ण विमा देईल की नाही माहीत नाही. विकताना मलाही सांगावं लागेल, आणि मी सांगितलं की कोण घेणार? आणि जे एकदा चेपलं ते सरळ केलं तरी…

खिडकीवर मुदत संपलेली गोळ्यांची एक पट्टी सापडली तर मी अख्खा खोका रिकामा करून बघते. सिस्टर हसतात. अशी मी, आणि घ्यायला निघालेय टो. लॉ. गाडी.

आई आज भाकरी थापता थापता म्हणाली, "पुढं बसल्यावर पदर कसा घ्यायचा गं? पट्ट्याच्या वरून का खालून?"

म्हणजे तिनं तिची जागा ठरवलीय. लग्नाला आली तेव्हा ट्रकच्या मागे बसून आली, त्यानंतर बैलगाडी, मग वडाप. कधीच पुढे नाही. मी म्हटलं, पदर आधी, पट्टा वरून. तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि हातानंच खांद्यापासून कमरेपर्यंत एक तिरकी रेघ ओढून बघितली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आप्पांचा फोन. लातूरचं एक गिऱ्हाईक आलंय म्हणे. "तुमाला आधी शब्द दिलाय ताई, म्हणून विचारतोय." हे सगळेच म्हणत असतील. रविवारी इसार घेऊन येते म्हटलं.

फोन ठेवल्यावर भीती आणि आनंद एकत्रच. शाळेच्या पहिल्या दिवशी असेल तसं. तो आठवत नाही, आई सांगते. आण्णांनी खांद्यावर बसवून नेलं होतं आणि वर्गाच्या दारात उतरवल्यावर स्वतःच बाहेर बसून राहिले, कारण आत पालकांनी यायचं असतं की नाही हे विचारायला लाजले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

काय म्हणावं यांना.

जेवताना मी सहज म्हटलं, नवीन गाडी घेणाऱ्यांना शोरूमवाले किती सजवून देतात, रिबिनी, हार. आपल्याला तसं काही नाही.

आण्णा म्हणाले, "ते आप्पा बी म्हणत व्हतं. फुगं लावलं न्हाईत, सांगू नको म्हून."

"कुठले फुगे?"

"आता मला काय ठावं. कारागिराला म्हणालं कानडीत. मला कानडी कळतंय हे त्याला न्हाय ना ठावं." आणि मिस्कील हसले. "म्या म्हणलं, आपल्याला काय करायचंत फुगं. लहान लेकरू हाय का घरात."

माझा घास तोंडातच. "आण्णा, त्यांचे शब्द सांगा. जसेच्या तसे."

"बलून हाकिल्ल अंत हेळब्याड."

बलून. गॅरेजवाले एअरबॅगला बलून म्हणतात, हे मी त्या व्हिडिओंमध्ये दहा वेळा ऐकलंय. सीटबेल्टचा चिखल शोधला, कापडाचा वास घेतला, आणि हे राहिलं. ताट सरकवून फोन घेतला. आईनं काढलेला व्हिडिओ. किल्ली फिरली की एअरबॅगचा लाल दिवा लागून विझायला हवा. आईचा अंगठा बाजूला होतो, बाकीचे दिवे लागतात, विझतात. तो एक लागतच नाही. दिव्याची वायरच काढलेली असणार.

आण्णांना समजावून सांगितलं. गाडी ठोकली की स्टिअरिंगमधून आणि पुढच्या फळीतून पिशवी फुगून बाहेर येते, माणसाचं तोंड आणि छाती त्यावर आदळते, लोखंडावर नाही. एकदाच फुगते. त्या नवरा-बायकोला खरचटलंही नाही ते याच फुग्यांमुळे. मग नवे बसवायला हवे होते.

आण्णांनी हात धुतला.

"पुढच्या फळीतून म्हंजी तुझी आई बसणार तितनं?"

"हो."

"म्या ऐकलं आन् गप बसलो," म्हणाले. त्यांचा चेहरा बघवेना. मी म्हटलं, तुम्ही ऐकलंत म्हणून तर कळलं. मला कानडी कुठं येतं.

आई म्हणाली, "दोघं बी जेवा आधी. गाडी अजून त्यांच्याच दारात हाय."

१६ नोव्हेंबर, रविवार

मी फोनवरच 'नाही' म्हणून सांगून टाकणार होते. भांडण मला जमत नाही, आवाज फुटतो. आण्णा म्हणाले, "न्हाय. आसं फोनवर न्हाय. तोंडावर जायचं."

गेलो. आप्पांनी चहा मागवला. टपरीवर चार-पाच माणसं, दोन ड्रायव्हर, एक दूधवाला. आण्णांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि अगदी सहज विचारलं, "आप्पा, बलून एल्लद?" म्हणजे बलून कुठं आहेत.

आप्पांचा कप हातातच राहिला. "मामा, तुमाला कानडी येतंय?"

"जनावराला येतंय तेवढं येतंय."

दूधवाला मोठ्यानं हसला. मग आण्णा उभे राहिले आणि टपरीकडे तोंड करून आधी मराठीत, मग कानडीत, बाजारात बोलतात तशा आवाजात म्हणाले की या पांढऱ्या गाडीत बलून नाहीत, ठोकली तर पुढच्या माणसाला आधार नाही, हे मालकानं सांगितलेलं नाही म्हणून मी सांगतो. आणि पुन्हा बसून चहा प्यायले.

मी लाजेनं खाली बघत होते. नंतर त्यांनी सांगितलं की बाजारात असंच करतात. चारचौघांत खोड बोलली की ती जनावराला चिकटते. मग ते कुठल्याही बाजारात गेलं तरी खोड त्याच्या आधी पोचलेली असते.

आप्पा आधी चिडले. "मामा, धंद्याच्या जागी आसं करत्यात व्हय?" मग जरा वेळानं स्वतःच, "लई लोक विचारत न्हाईत हो. आन् नवीन बलून लई म्हाग. सगळेच आसं विकत्यात."

मी विचारलं, "मी घेतली नाही तर लातूरच्या माणसाला सांगणार होता का?" आवाज फुटलाच, पण वाक्य पूर्ण झालं.

आप्पांनी कप खाली ठेवला. एक ड्रायव्हर म्हणाला, "आता काय सांगायचं राह्यलंय ताई, आमी सांगू की." सगळे हसले. शेवटी आप्पाही.

निघताना ते मागून आले. "ताई, सोलापूरला कंपनीच्या वर्कशॉपला दाखवू. ते म्हणतील तसं करू. बलून म्या घालून देतो, नवं. पर किमतीत तुमी जरा वर या."

विचार करते म्हटलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सुरेखा सिस्टर: "एकदा खोटं बोलला तो पुन्हा बोलणार. सोडून दे."

हे खरं आहे. आण्णांचं म्हणणं वेगळं. "आता त्याची आन् गाडीची, दोन्ही खोडी आपल्याला ठाव्या हायत. दुसरी गाडी बघाय गेलं की नव्यानं सुरू." हेही खरं आहे. दोन्ही खरं असलं की मला झोप लागत नाही.

आईला विचारलं. ती म्हणाली, "म्या मागं बसते की. मागं कुठं लागत्यात फुगं." आणि हसली. मला ते हसणं नको होतं. तिला पुढं बसवायचंय. आता तर जास्तच.

२२ नोव्हेंबर, शनिवार

रजा टाकून सोलापूर. गाडी आप्पांनी चालवली, मी शेजारी, आण्णा मागे. मी पट्टा घट्ट धरून बसले होते. आप्पांनी ते बघितलं आणि सगळा रस्ता हळू चालवली. ट्रकसुद्धा आम्हाला मागे टाकून जात होते. आण्णा मागून म्हणाले, "आप्पा, वरातीत हाय का आपण?"

वर्कशॉपच्या सुपरवायझरनं गाडी वर उचलून खालून बघितली. मी पण वाकून बघितलं, त्यानं टॉर्च माझ्या हातात दिला. म्हणाला, सांगाडा सरळ आहे. पुढं उजवीकडे जोड दिलाय, तो चांगला दिलाय. इंजिन उत्तम. एअरबॅग दोन्ही नाहीत, स्टिअरिंगचं झाकण चिकटवलंय, सेन्सर मेलाय. सगळं नवं मागवावं लागेल, बसवल्यावर मशीनवर तपासून लिहून देऊ. तोपर्यंत विमावाले काय म्हणतात ते बघा.

"घ्यावी का?" मी विचारलं.

"मॅडम, मी घ्या पण म्हणणार नाही, नका पण म्हणणार नाही. बसवल्यावर दिवा लागून विझला, तर माझ्याकडून ती गाडी बरोबर."

जे बघितलं तेवढंच बोलला. बरं वाटलं.

सगळं धरून आता ती नव्यापेक्षा स्वस्तच, पण "निम्म्याला" असं म्हणता येणार नाही. आप्पांचं तोंड उतरलं होतं. परत येताना नळदुर्गाजवळ थांबून त्यांनी आम्हा दोघांना भजी खाऊ घातली. पैसे देऊ दिले नाहीत. आण्णा आणि ते कानडीत कुठल्याशा बाजाराबद्दल बोलत बसले. दोघांच्या ओळखीचा एक व्यापारी निघाला. मला एक अक्षर कळलं नाही, भजी मात्र छान होती.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सुटे भाग मागवलेत, यायला वेळ आहे. आप्पांना स्पष्ट सांगितलं: बसवून, मशीनवर तपासून, दिवा माझ्या डोळ्यांनी बघून मगच इसार. आणि पूर्ण विमा मिळाला तरच. ते म्हणाले, "ताई, तुमच्यासारखी चार गिऱ्हाइकं आली तर मी चहाचीच टपरी टाकतो."

मग, "लातूरवाल्याला सांगितलं म्या. बलून न्हाईत म्हून. त्यानं दुसरी घेतली."

खरं की खोटं, कळायला मार्ग नाही. पण न विचारता सांगितलं.

३० नोव्हेंबर, रविवार

घरीच. विहारातून आल्यावर अंगणात ऊन घेत बसलो. आईनं अंबाडीची भाजी केली होती, वर लसणाची फोडणी. पोटभर.

सिस्टरांच्या भाचीला स्कूटी हवी आहे, संध्याकाळी बघायला आली. मी तिला सांगितलं: थंडीत पहिल्या बटणाला सुरू होत नाही, मागचा ब्रेक दाबला की ओरडतो, आरसा एकदा पडून बदललाय. ती म्हणाली, "ताई, तुम्हाला विकायचीय ना?"

आण्णा ओट्यावरून ऐकत होते. मिशीत हसल्यासारखे वाटले.

विकायचीय का, ते मला पण अजून माहीत नाही. थांब म्हटलंय तिला.

३ डिसेंबर, बुधवार

आज लवकर सुटले. उजेड होता, रस्ता मोकळा, तलावाच्या बाजूनं वारा. क्षणभर वाटलं, स्कूटीच बरी आहे की. असं वाटण्यापुरताच रस्ता मोकळा होता, पुढच्या वळणावर ट्रॉली.

तिच्यामागे हळूहळू येताना विचार केला. माझं नाही म्हणणं तयार आहे आणि माझं हो म्हणणंही तयार आहे. दोन्हींची भीती आता सारखीच वाटते, म्हणजे आधीपेक्षा कमी. यात कुणी मला ढकललेलं नाही. आई तर पदराचं पुन्हा बोललीच नाही. पण काल कपाटातून तिनं ठेवणीतली हिरवी साडी काढून उन्हात टाकली होती.

हे लिहीत असतानाच आण्णांचा फोन वाजला. आप्पा. हल्ली मला नाही, त्यांनाच फोन करतात. आण्णा कानडीत बोलत अंगणात गेले. आई चूल सोडून दारात आली, माझ्याकडे बघतेय. मी कान दिला. बलून, एवढा शब्द आला. त्याच्या पुढचा ऐकायचा होता, तेवढ्यात रस्त्यानं उसाची ट्रॉली गेली, गाणी लावून.